मॉरिस सुरू होत नव्हती

आमच्या इपोह शहरात दुपारी चारचा पाऊस सहसा चुकत नाही. त्या दिवशी तो आला आणि आमच्या पोर्चमध्ये एक अनोळखी माणूस आडोशाला उभा राहिला. मी दार उघडलं, तर हा बाबांच्या हिरव्या मॉरिस गाडीवरची ताडपत्री उचलून आत डोकावतोय.

"पावसासाठी थांबलात की गाडीसाठी?" मी विचारलं.

"आलो पावसासाठी…" तो ओशाळून हसला. "आता मात्र तो थांबू नये असं वाटतंय."

याचं नाव काम लुन आणि हा जुन्या गाड्यांचा मेकॅनिक, हे कळायचा अवकाश… आत्याने त्याला घरात ओढलं, कॉफी दिली आणि सगळं सांगून टाकलं. आई गेल्यापासून तीन वर्षं गाडी जागची हललेली नाही. बाबांच्या फुप्फुसात कॅन्सर, डॉक्टरांनी हात टेकलेत. आणि बाबांचा एकच हट्ट — याच गाडीतून एकदा तांबुनला जायचं. तिथे रस्त्याच्या कडेला आई पपनसं विकायची, आणि चाळीस वर्षांपूर्वी बाबांनी ही मॉरिस तिच्यापुढे थांबवली होती.

"चार दिवसांत चालू करतो," काम लुन म्हणाला. मला ते नको होतं.

का, ते सांगते. बाबा त्या एका फेरीसाठी जीव धरून होते. तांबुन झालं की ते जाणार, असं माझ्या मनाने घेतलं होतं. इंजिनाच्या एका टोपीखाली अंगठ्याएवढा काळा तुकडा असतो, रोटर. तो नसला तर प्लगला ठिणगीच पोचत नाही. बाजारात गाडी लावली की चोरीच्या भीतीने बाबा तो काढून खिशात घालायचे, मलाही लहानपणी शिकवलं होतं. महिन्यापूर्वी मी तो काढला आणि तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. स्वतःच्या बापाशी अशी वागले मी.

काम लुन रोज येऊ लागला. पहिल्या दिवशी त्याने ती टोपी उघडली, पुन्हा लावली, बोलला काहीच नाही. मग नवी बॅटरी बसवली. टाकीतलं खराब झालेलं पेट्रोल उपसलं, कार्बोरेटर धुतला, एअर फिल्टरमधून उंदराचं घरटं काढलं.

"यात तुझं प्रगतिपुस्तक आहे," कुरतडलेला कागद धरून तो म्हणाला. "गणितात नापास?"

"काम कर तू."

"करतोय की. गाडी झाली की गणितही शिकवीन."

"मग होऊच नको देऊस," मी बोलून गेले. तो माझ्याकडे बघतच राहिला… आणि मी पळाले. आत जाऊन बाबांच्या उशाशी ठेवलेलं थुंकीचं भांडं धुतलं. त्यात रोज थोडं जास्त रक्त असायचं.

आठव्या दिवशी बाबांनी खुणेनं जवळ बोलावलं. त्यांची खिडकी पोर्चकडेच उघडते. बाहेर स्टार्टर घरघरत होता.

"इंजिन फिरतंय, पण एकदाही खोकत नाही," ते थांबत थांबत म्हणाले. "खोकायचं सगळं काम माझ्याच गळ्यात. हा पोरगा एकतर मूर्ख आहे, नाहीतर प्रेमात पडलाय." मग धाप ओसरल्यावर म्हणाले, "पुई, रोटर दे त्याला. मी दमलो गं."

तांदळात हात घातला आणि तिथेच बसून रडले.

मी तो तुकडा पुढे केला तेव्हा काम लुन चकित वगैरे झाला नाही. त्याने तो सदऱ्याला पुसला.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"मी टोपी उघडली तेव्हा तू गाडीकडे बघत नव्हतीस. त्या खिडकीकडे बघत होतीस." तो खाली मान घालून म्हणाला, "आणि… मलाही रोज यायचं होतं. खोटं कशाला बोलू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मॉरिस पहिल्याच किल्लीला सुरू झाली. मागच्या सीटवर बाबांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. तांबुनला काम लुनने एक पपनस आणलं. बाबांनी साल नाकाशी धरली, डोळे मिटले आणि हसले. परतीच्या वाटेवर, अर्ध्या रस्त्यात, त्यांची मान जड झाली.

मी त्यांचं डोकं खांद्यावर धरून ठेवलं. आरशात काम लुनला दिसलं होतं.

आम्हा चिनी लोकांत घराबाहेर मेलेल्या माणसाला उंबरठा ओलांडू देत नाहीत. अंत्यविधीचा मांडव बाहेरच घालतात. ज्या घरासाठी बाबांनी हाडं झिजवली, त्याच घराबाहेर ते पडून राहणार… आणि मीच त्यांना बाहेर काढलं होतं.

काम लुनने गाडी थांबवली नाही. "अंकल, वळण आलंय हं, मान सांभाळा," तो म्हणाला. थोड्या वेळाने, "अंकल, फाटक आलं. आलोच घरी." बाबा ऐकत असल्यासारखा तो बोलतच राहिला.

दारात आत्या उभी. त्याने बाबांना दोन्ही हातांवर उचललं.

"श्वास आहे, आत्या. बाजूला व्हा."

आत्याने बाबांच्या गालावर हात ठेवला. तिला कळलं, ते मला दिसलं. तरी ती बाजूला झाली. "ये दादा," ती म्हणाली, "आलास ना घरी?"

बाबांना दिवाणखान्यात निजवलं, मृत्यू झालेल्या घरात झाकतात तसे देव लाल कागदाने झाकले. सगळं झाल्यावर काम लुन पोर्चमध्ये गेला. त्याने रोटर काढून माझ्या हातावर ठेवला.

"गाडी झाली," तो म्हणाला. "आता यायला काही निमित्त नाही…"

माझ्यासाठी या माणसाने दोनदा खोटं वठवलं होतं, आधी रोटरचं, मग श्वासाचं, आणि दोन्ही वेळा माझा त्याच्यावर जीव जडल्याचं मला कळलं होतं. मी रोटर त्याच्या सदऱ्याच्या खिशात घातला.

"तुझ्याकडे ठेव," मी म्हटलं. "मला कुठे जायचं झालं, की तुलाच यावं लागेल."