समुद्राच्या दाराचं कुलूप

समुद्राकडून काम करून घेणं म्हणजे थोरल्या जावयाकडून पाणी भरून घेण्यासारखं आहे. तो भरतो, पण लक्षात ठेवतो.

गावाबाहेरच्या खडकात काँक्रीटची एक अंधारी कोठी होती, समुद्राकडून उघडी. लाट आत शिरली की कोठीतली हवा वरच्या नळीतून सुटायची आणि चाक फिरायचं. लाट सरली की हवा परत आत ओढली जायची, चाक पुन्हा फिरायचं. त्या विजेवर खारं पाणी गाळून गावाला गोडं पाणी मिळायचं. कोठीची ती धाप गावभर ऐकू यायची. तान्ही पोरं तिच्या तालावर झोपायची, म्हणा ना!

तिथला फोरमन त्या दिवशी निघाला तो अगदी साध्या कामाला. सकाळी धाकट्या बहिणीने घरात बोलावून पेला पुढे केला.

"दादा, तुझं पाणी खारट येतंय."

"माझं पाणी? मी काय ढग आहे?"

"चेष्टा नको. चाखून बघ."

त्याने घोट घेतला. गोडं होतं. दारात उभ्या शेजारणीनेही घेतला. "छान आहे की गं! तुझ्याच जिभेला मीठ लागलंय."

बहीण हसली नाही. "हे गेल्यापासून असंच लागतंय," ती हळूच म्हणाली.

फोरमनने पेला खाली ठेवला. "गाळण्या बघून येतो," म्हणाला आणि तिच्याकडे न बघताच बाहेर पडला.

'हे' म्हणजे तिचा नवरा, कोठीच्या भिंतींवरचे शिंपले खरवडणारा. कोठीत उतरायची रीत ठरलेली. आधी समुद्राकडचं वर-खाली सरकणारं लोखंडी दार खाली पाडून लाट बंद करायची, मग ते उचलण्याच्या खटक्याला आपलं स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात टाकायची. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. आणि दार उचलण्याआधी खाली वाकून विचारायचं, आत कोणी आहे का?

भाऊजी गेले त्या दिवशी टाकीने तळ गाठला होता. नळ कोरडे, लोक फोनवरून फोरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. खटक्यावर भाऊजींचं लाल कुलूप लटकत होतं. भाऊजी पक्के विसरभोळे. एकदा तर बायकोला दवाखान्यात बसवून एकटेच घरी आलेले. कुलूप विसरून जेवायला गेले असणार! फोरमनने ते कापलं. दार उचललं. विचारलं नाही.

नंतर कापलेलं कुलूप त्याने समुद्रात भिरकावलं आणि सगळ्यांना सांगितलं, कुलूप लावलंच नव्हतं. विसरभोळ्या माणसाबद्दल ते कोणालाही पटलं असतं. बहिणीलाही पटलं. उलट तीच त्याची समजूत घालायची, "तुझा काय दोष, दादा? हेच तसे." तेवढं ऐकलं की फोरमन ताटावरून उठायचा.

गाळण्या ठीक होत्या. पण कोठीत काहीतरी घासल्याचा आवाज येत होता… खरवडल्यासारखा. फोरमनने दार पाडलं, आपलं कुलूप लावलं आणि शिडीने खाली उतरला. भर दुपार होती, पण आत गिळगिळीत अंधार. ओल्या लोखंडाचा आणि कुजक्या शेवाळाचा वास. तो तळाला पोचताच खरवड थांबली.

मग वरच्या तोंडावर सावली पडली.

"आत कोणी आहे का…?"

आवाज ओळखीचा होता.

"आत कोणी आहे का…?"

घाई नव्हती, राग नव्हता. रीतसर विचारणं. दार कुरकुरलं आणि खालच्या फटीतून गार पाणी त्याच्या घोट्याला लागलं, बघता बघता गुडघ्याला.

"मी… मी आहे, भाऊजी!"

"कुलूप लावलंय ना, दादा?"

"माझं लावलंय… आणि तुमचंही लावलेलं होतं. मी कापलं."

मग दार धप्पकन बसलं.

फोरमन वर आला तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. खटक्यावर त्याचं कुलूपही नव्हतं. तिथे लाल कुलूप होतं. अखंड, बंद, अंगावर बारीक शिंपले चढलेलं. फोरमनची किल्ली त्याला लागेना. कुलूप कापायची कात्री उचलली, पण हात पुढे होईना. आणि संध्याकाळपर्यंत दार उचललं नाही तर गावाचे नळ कोरडे पडणार होते. त्या कुलपाची किल्ली एकाच ठिकाणी होती. भाऊजींच्या खिशात सापडलेली, बहिणीने जपून ठेवलेली. ती मागायची तर कशासाठी, तेही सांगावं लागणार.

त्याने सांगितलं. उंबऱ्यावरच बसून, सगळं.

बहीण उठली. किल्ली घेऊन पुढे चालू लागली. कोठीपाशी येऊन तिने कुलपावरून एकदा हात फिरवला. किल्ली तेल घातल्यासारखी फिरली.

"आता विचार," ती म्हणाली. "त्या दिवशी नाही विचारलंस ते."

फोरमन वाकला. "आत… कोणी आहे का?"

खाली पाणी डुचमळलं. कोणीतरी धापा टाकत होतं.

"मी… मी आहे, भाऊजी!"

आवाज फोरमनचा होता.

बहिणीने शेजारी उभ्या भावाकडे पाहिलं, खाली अंधारात पाहिलं आणि कुलूप पुन्हा लावून टाकलं.

ते दार आजही पाडलेलंच आहे. गाव टँकरच्या पाण्यावर जगतं. आत लाटेचा थेंब शिरत नाही, चाकाला गंज चढलाय, तरी कोठीची धाप चालूच आहे. खोटं वाटत असेल तर फोरमनला जरा श्वास रोखून धरायला सांगा. तीही थांबते.