समुद्राकडची खोली

“मुंबईच्या हाटेलातली माझी बुक केलेली खोली कुणीतरी मोडली. कोण त्ये शोधा,” कोल्हापुरात राजारामपुरीतल्या गुप्तहेर कचेरीचे तीन जिने चढून आलेल्या तानाबाई पाटील दम खायच्या आधीच म्हणाल्या.

खोली पंचतारांकित होती, समुद्राकडची. गारगोटीच्या या बासष्ट वर्षांच्या बाईंनी महिनाभर मोबाइलवर हॉटेलं बघून ती निवडली होती. चार दिवस हातात आयता चहा आणि दुसऱ्यानं झाडलेली खोली, एवढंच त्यांना हवं होतं.

“आमचा गुंडू असता तर त्येनंच नेलं असतं. त्यो न्हाय, म्हणून मी जायचं न्हाय व्हय?”

नवऱ्याचं नाव असं रोखठोक घेणारी बाई नृसिंहला भलतीच आवडली. नृसिंह म्हणजे गुप्तहेर प्रियदर्शनीचा मदतनीस, निवृत्त कारकून. माणूस लाखमोलाचा, डोकं जरा सावकाश.

“पुन्हा बुकिंग करा की,” तो म्हणाला.

“पुन्हा मोडंल. फोन माझ्याच मोबाइलवरनं गेलाय, मी धारा काढाय गेलते तवा.”

प्रियदर्शनीनं हॉटेलला फोन लावला. खोली मोडणारी बाईच होती. तानाबाई पाटील याच नावाची दोन बुकिंग होती, म्हणून तिथल्या माणसानं मधलं नाव विचारलं. “तुमच्याफुडं लिवलंय की, वाचा!” ती खेकसली. त्यानं वाचल्यावर म्हणाली, “व्हय, त्येच.” आता तो पाचपर्यंत खोली राखायला तयार होता.

“तिला नाव माहीत नव्हतं. बाहेरची बाई!” नृसिंह खूश झाला.

दुपारी तिघं गारगोटीला पोचली.

“आईनं एकटीनं हाटेलात राहायचं? लोक माझ्या तोंडात शेण घालतील,” मुलगा विश्वजित म्हणाला. “पर फोन मी न्हाय केला.”

सून पूर्णिमा तडकली. “बुकिंग मीच करून दिलंय. तानाबाई गुंडू पाटील, माझ्या हातानं टाइप केलंय. मोडू कशाला?”

तानाबाईंची धाकटी जाऊ झुंबरबाई तांदूळ निवडत होती. प्रियदर्शनीनं भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं. “हे कोण?”

“थोरलं मालक. माझं थोरलं दीर,” झुंबरबाई म्हणाली. “मुंबईत माझ्या भावाचं घर हाय की. हाटेल कशाला?”

साडेचारला प्रियदर्शनीनं सगळ्यांना एकत्र बसवलं.

“फोन बाईचा, म्हणजे विश्वजित सुटले. बाहेरच्या बाईच्या हाती हा मोबाइल येईल कसा? मग घरातलीच. पण घरातल्या बाईला हे नाव माहीत नाही, असं होईल?”

“नाही होणार,” नृसिंह पुटपुटला.

“माहीत नसणं वेगळं आणि तोंडातून न काढणं वेगळं. तानाबाई ते नाव बेधडक घेतात. पूर्णिमानं सासऱ्यांचं नाव माझ्यासमोर सहज घेतलं. थोरल्या दिराचं नाव घ्यायचं नाही, ही रीत इथं एकच बाई पाळते. खोटं बोलतानासुद्धा तिला ती मोडवली नाही.”

झुंबरबाईनं सूप बाजूला सारलं. “व्हय, मीच! माझ्या भावाचं दार सोडून हाटेलात? त्यो काय म्हणंल?”

“तुझ्या भावाकडं तीनदा गेलते, झुंबर. तिन्ही येळंला त्याच्या पावण्यांच्या भाकऱ्या थापल्या. समुद्र बघितलाच न्हाय मी!” तानाबाईंचा आवाज चिरला. राग होता, आणि तो तीस वर्षांचा होता.

पाचला दहा मिनिटं होती. त्यांनी स्वतःच नंबर फिरवला.

“मी तानाबाई. खोली ठेवा. आता पोरगा, सून, भावकी, कुणी बी नगं म्हणलं तरी मोडायची न्हाय. मी सोता तुमच्या दारात हुबी राहून ‘नगं’ म्हणीन, तवाच मोडा. आणि त्ये मी म्हणणार न्हाय.”