तिसऱ्या भोकातली हवा

श्रीमंतला साहेबांनी पाठवलं होतं ते जमिनीतली हवा आणायला. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात कारखान्याला ती खरोखरच हवी होती. दारूभट्टीचं काळं पाणी त्यांनी सात वर्षं गावाबाहेरच्या एका पडक्या विहिरीत सोडलं, मग वर मुरूम ओढून ती बुजवली, आणि आता तिथंच कामगारांच्या खोल्या बांधायच्या होत्या. खाली गॅस साठलाय का, हे तपासायची अक्कल उशिरा का होईना आली होती.

रीत सोपी होती. पहारीनं कमरेएवढं खोल भोक पाडायचं, त्यात पितळी नळी घालून भोवती चिखलानं लिंपायचं, आणि छोट्या पंपानं आतली हवा फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये ओढायची. काम झालं की भोकात मातीचा गोळा कोंबायचा. श्रीमंतनं रणरणत्या दुपारी अशी पाच भोकं पाडली. काळ्या पाण्याच्या आंबट वासानं डोकं भणभणत होतं आणि कधी एकदा निघतो असं त्याला झालं होतं.

हरणाबाई तिथंच बाभळीखाली बसली होती. बहात्तरच्या दुष्काळात ही विहीर खोदताना ढासळली, त्या दिवसापासून तिचा नवरा धुळाप्पा कुणाला दिसला नव्हता. मुकादम म्हणाला, तो आदल्या रात्रीच मुंबईला पळाला. बाई म्हणायची, तो खालीच आहे. दहा वर्षं ती कुंकू लावत होती आणि रोज येऊन इथं बसत होती, कारण कुंकू पुसावं की नाही हे तिला कुणी सांगतच नव्हतं.

श्रीमंत निघाला तेव्हा ती जवळ आली.

"भाऊ, खाली हवा हाय का?"

तपासून सांगतो, असं म्हणून त्यानं सायकल काढली.

प्रयोगशाळेत बॉयलरचा धूर तपासायच्या यंत्रावर शिवलिंगप्पा साहेबांनी एकेक ब्लॅडर लावला. चार भोकांत प्राणवायू नावालाही नव्हता. तिसऱ्या भोकात मात्र तो सोळा टक्के निघाला आणि कार्बन डायऑक्साइड चार. साहेबांनी चष्मा काढला. माणूस श्वास सोडतो त्यात बरोबर एवढंच असतं, म्हणाले. कंटाळा आला म्हणून तू तोंडानं फुगवून आणलास. उद्या परत जा, आणि तोंड लांब ठेव.

श्रीमंतला ते फार लागलं. सोळा वर्षांच्या नोकरीत त्यानं एक आकडा खोटा लिहिला नव्हता. तोंड तर त्यानं लावलंच नव्हतं. धम्म घेतल्यापासून त्याच्या घरात भुताखेतांचं नावही निघत नसे. तरीही त्या रात्री तो या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला.

दुसऱ्या दुपारी त्यानं तिसरं भोक उघडलं, नळी बसवली, ब्लॅडर अडकवला. पंप अजून पिशवीतच होता.

ब्लॅडर हळूच फुगला.

मग आक्रसला. पुन्हा फुगला. वारा पडला होता, बाभळीचं पानसुद्धा हलत नव्हतं. ब्लॅडर मात्र सावकाश, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा वरखाली होत होता. श्रीमंतच्या पाठीवरून घामाची धार उतरली.

हरणाबाई केव्हा मागं येऊन उभी राहिली ते त्याला कळलं नाही. नुसता गॅस आहे म्हणून सांगायचं, असं त्यानं वाटेतच ठरवलं होतं. पण तिच्या कपाळाकडं बघून त्याला खोटं बोलवेना.

"मावशी... खाली कुणीतरी श्वास घेतंय."

ती गुडघ्यांवर बसली. तिनं ब्लॅडर काढून टाकला आणि नळीपाशी तोंड नेलं.

"अवं... ऐकलं का?"

नळीतून ऊन ऊन वाफारा तिच्या गालावर आला. दहा वर्षांत न हसलेली बाई क्षणभर लाजल्यासारखी दिसली. मग तिनं नाक नळीशी धरलं आणि हळूहळू तिचा चेहरा बदलत गेला.

"तंबाखू," ती म्हणाली. "आमच्या मालकानं जलमात तंबाखूला हात लावला न्हाय, भाऊ. ह्ये त्ये न्हाईत."

श्रीमंतनं वाकून हुंगलं. तंबाखू, चुना, आणि माणसाच्या तोंडाचा शिळा वास.

"म्हंजी त्ये गेलंच हुतं मुंबईला. मला टाकून." तिचा आवाज चिरकला. "अन् म्या कुनाच्या उशाशी बसले दहा वर्सं?"

तिनं पदर डोक्यावर ओढला आणि ती गावाकडं चालू लागली. त्या जागेकडं तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. श्रीमंतला तिला हाक मारावीशी वाटली. तिच्या दुःखासाठी नव्हे, आता आपण इथं एकटे उरू म्हणून.

त्यानं नळी उपसली. आत कोण होतं, कधीपासून होतं, त्याला जाणून घ्यायचं नव्हतं. भोकातून श्वास येतच होता, संथ, एकसारखा. त्यानं ओल्या मातीचा गोळा वळला आणि भोक बुजवायला खाली वाकला.

त्याची सावली भोकावर पडली, तसा खालचा श्वास थांबला. वर कोण आहे याचा कुणीतरी कानोसा घेत असावं, तसा.