चंद्रावरच्या रेवतीचं रीळ

कट्!

आवाज झाला आणि रेवतीच्या हातातली गळाची काठी एकदम हलकी झाली. तंगूस (गळाला बांधतात तो नायलॉनचा चिवट दोरा) मधेच तुटला होता. पाण्यात एक चंदेरी शेपटी वळली, चार बुडबुडे वर आले आणि खारशेतची खाडी पुन्हा अशी शांत झाली, की जणू काही घडलंच नाही!

आता गंमत बघा. आदल्याच दिवशी हर्षूनं, म्हणजे रेवतीच्या चुलतबहिणीनं, याच धक्क्यावरून, याच काठीनं आणि याच रिळानं चांगला मोठा जिताडा बाहेर काढला होता. तंगूस तोच. गळाला लावलेली कोळंबीसुद्धा एकाच टोपलीतली. मग हर्षूला जमलं ते रेवतीला का जमू नये?

"मला जमणारच नाहीये," रेवती म्हणाली आणि धपकन खाली बसली. धपकन म्हणजे अगदी धपकन, कारण पृथ्वीवर तिला नेहमी तसंच बसावं लागे.

रेवती म्हात्रे जन्मली चंद्रावर, तिथल्या चांदवस्तीत. तिचे आईबाबा तिथं जमिनीखालचा बर्फ खणून पाणी काढत. चंद्राचं गुरुत्वाकर्षण (सगळ्या वस्तूंना खाली ओढणारी ताकद) पृथ्वीच्या जेमतेम सहाव्या हिश्शाइतकं. अशा ठिकाणी वाढलेली पोर पहिल्यांदाच आजोबांच्या घरी नव्हे, चक्क आजोबांच्या ग्रहावर आली, तेव्हा तिचं स्वतःचं डोकंसुद्धा तिला कलिंगडासारखं जड वाटत होतं. म्हणून ती आधारपोशाख घालत असे. त्याच्या गुडघ्यांत आणि कोपरांत बारीक मोटारी होत्या. त्या तिला उभं राहायला मदत करत.

पण मदत करायला एकटा पोशाखच नव्हता ना! पायरी आली की कुणीतरी हात धरी. पाण्याचा तांब्या उचलला की कुणीतरी काढून घेई. परवा तर शेजारच्या काकूंनी तिची भाकरीसुद्धा मोडून दिली. सगळे मायेनंच करत होते, पण रेवती अगदी विटून गेली होती. तिनं मनाशी एकच ठरवलं होतं. एक मासा पकडायचा. स्वतःच्या हातांनी. काठीला दुसऱ्या कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. आणि परवा सकाळी तर तिचं यान सुटणार होतं.

"कोपराची मोटार चालू कर ना थोडी," हर्षू म्हणाली.

"मग मासा मोटारीनं पकडला, असं होईल."

हर्षूनं टोपली उचलली. तिला वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं अपराध्यासारखंही वाटत होतं. ते का, ते कळेलच.

दोघी घरी आल्या तेव्हा नाना पडवीत बोंबीलचा खांदा घट्ट करत होते. बोंबील म्हणजे मासा नव्हे हं. नानांचा यंत्रमानव. उंच, सडपातळ आणि चालताना असा लुळा लुळा हलायचा, की हर्षूला त्याचं दुसरं नाव सुचलंच नाही. नाना, म्हणजे दोघींचे आजोबा, मोठे शास्त्रज्ञ. चांदवस्तीतल्या याऱ्या (जड सामान वर उचलणारी यंत्रं) त्यांच्याच आराखड्यांवरून बनलेल्या. आता ते निवृत्त झाले होते, म्हणजे दिवसभर घरातली घड्याळं खोलून ठेवत होते.

सगळी हकीकत ऐकून त्यांनी एकच विचारलं, "दोरा तुटायच्या आधी काय झालं?"

रेवती आठवू लागली. "मासा लागला. मी रिळाची मूठ फिरवायला गेले, तर ती फिरेचना! दगडासारखी जड. मग मासा जोरात पळाला, आणि कट्!"

"म्हणजे भानगडी दोन आहेत," नाना खूश होऊन म्हणाले. कोडं मिळालं की म्हाताऱ्याच्या अंगात वारं शिरायचं. "पहिली, मूठ का फिरली नाही? दुसरी, दोरा का तुटला? चला, एकेकीला धरू."

त्यांनी कपाटातून एक जुनाट खोका काढला आणि जमिनीवर पालथा केला. रिळंच रिळं! लहान, मोठी, चकचकीत, काळपट.

"यातलं सगळ्यात चांगलं कुठलं, सांगा बघू."

"हे!" हर्षूनं सोनेरी रीळ उचललं. "सगळ्यात महाग दिसतंय."

"आणि यात काय वाईट आहे?" नानांनी एक करडं, ओरखडे पडलेलं रीळ पुढं केलं.

"शी! ते तर गंजक्या नळासारखं दिसतंय."

नाना नुसतेच हसले. त्यांनी पडवीच्या आढ्यावरून दोरा टाकला, त्याच्या एका टोकाला पाण्याची छोटी बादली बांधली आणि दुसरं टोक धक्क्यावरून आणलेल्या हर्षूच्या रिळाला जोडलं. "रेवती, ओढ."

रेवतीनं दात-ओठ खाल्ले. मूठ जागची हलेना. मग नानांनी तोच दोरा करड्या रिळाला बांधला. रेवतीनं मूठ फिरवली आणि काय सांगू, बादली उठली! गोगलगाईच्या चालीनं का होईना, पण उठली.

"अय्या! यात मोटार आहे?"

"छे! आत नुसती दातेरी चाकं. मूठ फिरली की मोठं चाक फिरतं, ते छोट्या चाकाला फिरवतं, आणि छोटं चाक दोरा गुंडाळणाऱ्या फिरकीला. हर्षूच्या रिळात मूठ एकदा फिरवली की फिरकी सात वेळा फिरते. या करड्यात फक्त चार वेळा. याला म्हणतात दंतप्रमाण (मुठीच्या एका फेऱ्यात फिरकीचे किती फेरे होतात, तो हिशोब). आता सांग, सात फेऱ्यांत काय मिळतं?"

"दोरा भराभर येतो," हर्षू म्हणाली.

"आणि काय द्यावं लागतं?"

रेवतीचे डोळे एकदम चमकले. चांदवस्तीत हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून रोज सकाळी जागच्या जागी सायकल मारायची सगळ्यांना सक्ती असते. समोरच्या पडद्यावर घाट दिसतो, चढ आला की पायडल जड होतं.

"जोर द्यावा लागतो!" ती ओरडली. "चढावर मी हलका गिअर टाकते. पाय खूप वेळा मारावे लागतात, पण दम लागत नाही. हर्षूचं रीळ म्हणजे सपाट रस्त्याचा गिअर, आणि हे करडं म्हणजे चढाचा!"

"शाब्बास गो बाय माझी!" नानांनी मांडीवर थाप मारली. "काम तेवढंच. एका दमात करा, नाहीतर थोडं थोडं करा. वेग हवा तर जोर लावा, जोर कमी असेल तर वेळ द्या. फुकट काही मिळत नाही. हर्षूचे हात काठी धरून तयार झालेत, तिला वेगाचं रीळ शोभतं. म्हणून सगळ्यात चांगलं रीळ असं काही नसतंच. कुणाच्या हातात, कुठल्या माशासाठी, हे आधी विचारायचं."

बोंबीलनं मान डोलावली. त्याची मान डोलली की कंबरही डोलायची.

"आता दुसरी भानगड. दोरा का तुटला?" नानांनी हर्षूचं रीळ हातात घेतलं, पुढची गोल कळ चाचपली आणि भुवया उंचावल्या. "ही कुणी एवढी घट्ट केली?"

हर्षू लालेलाल झाली. "मी," ती पुटपुटली. "रेवतीचा मासा सुटू नये म्हणून. अगदी जीव खाऊन आवळली."

"आणि म्हणूनच सुटला! अगं, या कळीखाली चकत्या असतात. त्या एकमेकींवर दाबून बसतात. त्यांच्यातल्या घर्षणामुळं (दोन वस्तू घासल्यावर होणाऱ्या अडथळ्यामुळं) फिरकी धरून ठेवली जाते. पण माशानं फारच ओढ घेतली, तर चकत्या घसरतात आणि दोरा थोडा थोडा सुटतो. हा रिळाचा ब्रेक. तो पुरता आवळलास की माशाची सगळी ओढ कुणावर येणार?"

"बिचाऱ्या दोऱ्यावर," हर्षू म्हणाली. तिचा चेहरा इतका पडला की रेवतीलाच हसू फुटलं. तिनं हर्षूच्या पाठीत एक धपाटा घातला आणि विषय तिथंच मिटला.

मग अंगणात जी धमाल उडाली, ती विचारू नका. तंगूस बोंबीलच्या कमरेला बांधला आणि नानांनी त्याला मासा व्हायला सांगितलं.

"मी जिताडा आहे," बोंबील गंभीरपणे म्हणाला. "मला राग आला आहे." आणि तो असा सुसाट सुटला, की शेजाऱ्यांच्या कोंबड्या कुंपणावर जाऊन बसल्या.

नानांनी दोऱ्यात ताणकाटा (ओढ किती ते दाखवणारा स्प्रिंगचा काटा) अडकवला होता. त्यांचा तंगूस नऊ किलोंच्या ओढीला तुटणारा. त्यांनी कळ अशी लावून दिली, की तीन किलोंची ओढ आली की दोरा सुटू लागावा.

"एवढी सैल?" रेवतीनं विचारलं.

"मासा काय सांगून हिसका देतो? हिसक्याला ओढ एकाएकी दुपटीनं वाढते. शिवाय गाठ असते तिथं दोरा कच्चा. म्हणून तिसरा हिस्सा धरायचा. तो पळाला की पळू दे. ब्रेकशी झगडून तोच दमेल. थांबला की तू गुंडाळ."

अंधार पडेपर्यंत रेवतीनं बोंबीलला कितीतरी वेळा पकडलं. शेवटी तो जमिनीवर आडवा पडून म्हणाला, "मला कालवणात घालू नका."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या दिवशी, सकाळी भरती वळायच्या सुमाराला सगळे धक्क्यावर हजर. रेवतीनं गळ टाकला. बराच वेळ काहीच नाही. आज नाही तर कधीच नाही, हे काय तिला कळत नव्हतं?

आणि काठी वाकली!

कर्रर्र करत करडं रीळ दोरा सोडू लागलं. रेवतीचा हात आपोआप कळीकडं गेला, आवळायला. तिनं तो मागं घेतला. पळ बाबा, पळ. आवाज थांबला तशी ती मूठ फिरवू लागली. मूठ फिरत होती! हळू, पण फिरत होती. मासा पुन्हा पळाला, तिनं पुन्हा सोडला. तो थांबला, हिनं गुंडाळलं. तिचे हात भरून आले, कपाळावरचा घाम डोळ्यांत गेला.

"आधार वाढवू का?" पोशाखानं विचारलं.

"गप्प बस!" रेवती म्हणाली.

तेवढ्यात जिताडा पाण्याबाहेर उसळला. उन्हात लखकन चमकला, डोकं झटकलं आणि धपाक्कन पडला. त्या हिसक्यानं रेवतीचा तोल गेला आणि ती एका गुडघ्यावर आली.

"पोरी!" नाना धावले. हातातली टेकायची काठी टाकून, चप्पल टाकून धावले आणि त्यांनी रेवतीची काठी धरायला दोन्ही हात पुढं केले.

"नाना, हात लावू नका!" रेवती ओरडली. "तुम्हीच सांगितलंत ना, घट्ट धरलं की तुटतं!"

नाना जागच्या जागी थांबले. त्यांचे हात हवेतच राहिले. मग त्यांनी ते पाठीमागं नेले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट गच्च पकडलं. नातीला पडताना बघायचं आणि उचलायचं नाही, एवढं अवघड काम त्यांनी आयुष्यभराच्या शास्त्रज्ञपणात कधी केलं नव्हतं.

रेवती एका गुडघ्यावरूनच लढली. सोडलं, गुंडाळलं, सोडलं, गुंडाळलं. मग हळूहळू तिनं एक पाय रोवला, दुसरा रोवला आणि उभी राहिली. एकटी. दमलेला जिताडा धक्क्याच्या पायरीशी आला, हर्षूनं त्याला जाळ्यात घेतलं आणि धक्क्यावर असा काही आरडाओरडा झाला, की पलीकडच्या काठावरच्या होडीतून कुणीतरी भोंगा वाजवला.

रेवती हसत होती आणि रडतही होती. नाना तर नुसतेच रडत होते.

"माझंच चुकत होतं गो," ते म्हणाले. "तू आल्यापासून माझी कळ फारच आवळलेली होती."

त्यांनी करडं रीळ काठीवरून सोडवून तिच्या हातात ठेवलं. "घेऊन जा. चांदवस्तीत दोन वर्षांनी घुमटाखाली तळं भरणार आहेत ना, मासे सोडायला?"

"पण तिथं मासा हलका होईल. मग हे रीळ कशाला?"

"बाहेर काढलास की हलका. पण पाण्यात तो शेपटीच्या जोरावर ओढतो, आणि शेपटीचा जोर तिथंही तेवढाच. ओढ इथल्यासारखीच लागेल."

रेवती विचारात पडली. तिनं जाळ्यातल्या जिताड्याकडं पाहिलं, मग वर आभाळाकडं. दिवसाउजेडीही तिचं फिकट घर तिथं दिसत होतं.

"नाना," ती हळूच म्हणाली, "हा आज माझ्या कमरेएवढा उंच उडाला. तिथं खाली ओढणारी ताकद सहावा हिस्सा. मग तिथं हा सहापट उंच उडेल?"

नानांचे ओले डोळे मोठे झाले. त्यांनी बोटांवर हिशोब केला, पुन्हा एकदा केला आणि खो खो हसत सुटले.

"उडेल गो, उडेल! घरी पोचलीस की आधी बाबाला निरोप दे. म्हणावं, तळ्यावरचा घुमट उंच बांधा!"