पिलासाठी बिछाना

“कुत्र्यासाठी माणूस घराबाहेर!” असं कुणी बोललं नाही... पण दगूबाईंच्या मनाला मात्र ते अगदी स्पष्ट ऐकू आलं.

सूनबाई मयूरी त्यांच्या लुगड्यांच्या घड्या पिशवीत भरत होती आणि मोठ्या आपुलकीने सांगत होती, “फुई, महिनाभरच! पिलू घरमा रुळनं की लगेच तुम्हले लेवाले येतस. तुम्हले कुत्रानं वावडं, मंग कसाले उगाच तरास?”

“बरं माय,” दगूबाई हसून म्हणाल्या, आणि ते हसू ओठांवर टिकवायला त्यांना फार कष्ट पडले.

कळसाडीच्या या घरात त्या मयूरीच्या नवऱ्याची, हेमकांतची फुई, म्हणजे बापाची बहीण. हेमकांत दीड वर्षाचा असताना त्याची आई तापाने गेली, आणि दगूबाईंनी स्वतःचं ठरलेलं लग्न मोडून त्या लेकराला उराशी धरलं. त्याला वाढवलं, बोहल्यावर चढवलं, त्याच्या लेकीला, काजललाही मांडीवर खेळवलं... आणि आज नऊ वर्षांच्या त्याच काजलला पिलू हवं, म्हणून त्यांची रवानगी खांडबाऱ्याला, धाकट्या बहिणीकडे, धनुबाईकडे!

बरं, दोष तरी कुणाला द्यायचा? फुईला कुत्रं चालत नाही, हे साऱ्या गावाला पाठ होतं. सात वर्षांच्या हेमकांतने एकदा रस्त्यावरचं पिलू उचलून आणलं, तेव्हा त्या अनवाणी धावत जाऊन ते परत ठेवून आल्या होत्या. पोरगा आठ दिवस त्यांच्याशी बोलला नव्हता. आज त्याच पोराला त्यांची काळजी वाटत होती. रागाने काढलं असतं तर भांडता तरी आलं असतं. मानाने काढल्यावर काय बोलायचं?

हेमकांतने गाडी काढली. पिलाचं सामान नंदुरबारला घ्यायचं होतं, म्हणून काजलही पुढच्या सीटवर उड्या मारत निघाली. प्रकाशा गावाचा पूल आला, तापी मागे पडली.

दुकानात त्यांना स्टुलावर बसवलं. दुकानदार नवनीतभाई मोठा बोलका माणूस. त्याने बघता बघता काउंटर भरून टाकला. जाड लोखंडी साखळी, गुलाबी प्लास्टिकचा वाडगा, मखमली झालरीची गादी.

“फुईआजी, दख ना, कितली भारी शे!” काजल गादीवर गाल घासत म्हणाली.

दगूबाईंनी मान वळवली. आपण पाहुण्या, आपल्याला काय त्याचं! पण नवनीतभाईने साखळी उचलून वाजवून दाखवली, आणि त्यांचा धीर सुटला.

“अरे, हाई साखळी कसाले? इतलंसं पिलू, मान मोडी जाई त्यानी! कापडी पट्टा दे. आनि आवळू नको पोरी, मझार दोन बोटं जावाले पायजेत. हाऊ वाडगा ठेव परत. पिलू पानी कमी पेई, वाडगा घरभर ढकली! जड बूडना काढ.”

“मावशी, दुकान तुम्हीच चालवा आता,” नवनीतभाई हसत म्हणाला.

“चालाडसू! पहिले हाई झालर काप. दोन दिनमा पिलूना पोटमा जाई.”

काजल खदखदून हसली. हेमकांत मात्र फुईकडे टक लावून पाहत होता.

“पप्पा, साधी खोळ लेऊत,” काजल म्हणाली, “आनि मझार आपला घरना कापूस भरूत!”

“कापूस नही!” दगूबाई ताडकन उठल्या. “त्याना गठ्ठा व्हस, धूळ धरस. खोळ आशी पायजे की आठ दिनमा काढी, गरम पानीमा धुई, उनमा टाकता येई. नहीतर तुन्हा बापनी छाती पुन्हा...”

त्या थबकल्या. पदर तोंडाशी गेला.

“मन्ही छाती?” हेमकांत हळूच म्हणाला. “फुई, न्हानपने मन्ही छाती घरघर करे, त्याना कुत्रासंगे काय संबंध?”

पस्तीस वर्षं ज्या गोष्टीवर त्या दगड ठेवून बसल्या होत्या, ती त्या कुत्र्यांच्या पट्ट्यांमध्ये, परक्या माणसासमोर बाहेर आली! लाल्या म्हणून त्यांचा कुत्रा होता. दिवसभर त्यांच्या पावलात घोटाळणारा. आई गेलेल्या त्या लेकराच्या छातीत घरघर सुरू झाली, श्वास कोंडू लागला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की घरात कुत्रं नको. दगूबाईंनी लाल्याला नदीपल्याड इंद्रसिंगच्या मळ्यात नेऊन सोडलं...

“दोनदा परत उना तो. दोनदा मी पोचाडी उनू. तिसरी खेप उना, तवय मी दारच उघाडं नही रे! मझार तुले धरी बठनू, आनि तो भाईर...”

“आनि मी तुन्हावर आठ दिन रुसना!” हेमकांतचे डोळे भरून वाहू लागले. “सांगं कसाले नही, फुई?”

“काय सांगू? तुन्हामुळे मन्हा कुत्रा गया, आसं? माय नसना पोऱ्याले कोनी आसं सांगस का?” त्यांनी त्याच्याच बाहीने त्याचे डोळे पुसले. “बारा वरीसना व्हयना तवय घरघर गयी. पन पिलू आनाना पहिले डॉक्टरले दखाडी ये. कबूल कर!”

“कबूल!”

नवनीतभाईने डोळे टिपून मापाची फीत काउंटरवर ठेवली. “मावशी, बिछाना कुठे टाकणार? तेवढ्या मापाचा देतो.”

“मन्ही खोलीमा!” काजल म्हणाली.

“तू झोपनी का ढोल वाजा तरी उठत नही,” दगूबाई म्हणाल्या. “पिलू पहिला आठ राती मायसाठे रडस. त्याले हात लावाले जागं माणूस पायजे.”

मग हेमकांतने काउंटरवरची मापाची फीत उचलली आणि फुईसमोर धरली.

“फुई, तुन्ही खाटखाले जागा कितली शे?”

दगूबाईंनी फीत हातात घेतली. पण ती लागलीच कुठे! त्यांनी आपला हातच पसरला. “उंची दीड वीत. लांबी दोन हात... वाढाऊ पिलू शे, थोडी जास्तच धर!”

तेवढ्यात फोन वाजला. खांडबाऱ्याहून धनुबाई विचारत होती, स्वयंपाक होत आलाय, कुठवर आलात?

“येतस, येतस!” दगूबाई फोनवर ठणकावून म्हणाल्या. “पन जेवाले फक्त, बरं का! मी ऱ्हासू नही. घरमा बाळ येई ऱ्हायनं मन्हा!”