कासू स्टेशनवरचा निबंध

नम्रताची आणि प्रविणची पहिली भेट झाली तेव्हा दोघांच्या मधे पंचवीसेक किलोमीटरची वाट होती. ती कासूच्या स्टेशनात, तो रोह्याच्या, आणि मधे रेल्वेचा तो काळा, जड फोन. अशा भेटीत माणूस दिसत नाही, नुसता ऐकू येतो. पण ऐकू आलेलं माणूस किती दिवस मनात मुक्काम ठोकून बसतं, याची तेव्हा तिला कल्पना नव्हती.

साल पंच्याण्णव, जानेवारीतला रविवार. रोह्याच्या वाचनालयानं आठवी ते दहावीच्या मुलांसाठी निबंधस्पर्धा ठेवली होती. विषय ऐनवेळी सांगायचा, म्हणजे गाइडातला निबंध घोकून येणाऱ्यांची पंचाईत. नम्रता पेणजवळ, खाडीकाठच्या खारेपाटातल्या हायस्कुलात मराठी शिकवायची. दिवाळीपासून तिनं सात मुलांची तयारी करून घेतली होती. मिठागरावरची, भातशेतीतली मुलं. त्यातल्या पाचांनी रोहा पाहिलासुद्धा नव्हता. सगळी डोक्यावर भरपूर तेल थापून पेणला गाडीत बसली आणि कासूला गाडी जी थांबली ती हलेना. पुढे रुळाचं काम निघालं होतं.

स्पर्धा अकराला. अकरानंतर दार बंद, असं पत्रकात ठळक छापलेलं. घड्याळात साडेदहा झाले तशी सगुणानं नखं खायला सुरुवात केली. सगुणा म्हणजे नम्रताची हुकमी मुलगी. गेल्या वर्षी दुसरी आली होती, यंदा पहिलाच नंबर आणणार म्हणून गावभर सांगून आलेली.

"बाई, आता घरी जायाचं काय?"

नम्रता तडक स्टेशनमास्तरांच्या खोलीत गेली. मास्तर आधी नियम सांगू लागले. मग दारात दाटीवाटीनं उभे असलेले सात चेहरे पाहून त्यांनी मुकाट्यानं फोन फिरवला. रोह्याचे मास्तर वाचनालयाचे सभासद निघाले. स्पर्धा होती त्या शेजारच्या शाळेत त्यांनी माणूस धाडला, आणि थोड्या वेळानं फोनवर एक जडशीळ, झोप न झालेला आवाज आला.

"मी प्रविण. यंदापासून स्पर्धा मीच बघतो. बोला बाई."

तिनं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "तासभर थांबलात तर..."

"इथं पन्नास-साठ पोरं बसलीत. त्यांना नाय थांबवता येणार. पण तुमची पोरं तिथं बसू शकतात. कागद हाय?"

"आहे. पण... कुठे बसू शकतात?"

"फलाटावर. अकराला मी इथं विषय सांगेन, तोच तुम्हाला फोनवर सांगतो. तास झाला की कागद गोळा करा, गाडी सुटेल तेव्हा घेऊन या."

"आणि लक्ष कोण ठेवणार?"

"तुम्ही."

"अहो, मुलं माझीच आहेत."

"म्हणूनच विचारतो. त्यांना एक शब्दही सांगणार नाय, असं वचन देता?"

नम्रता गोंधळलीच. "तुम्ही मला ओळखत नाही."

"दोन मिनिटांपूर्वी नव्हतो ओळखत," तो म्हणाला.

उगाचच तिचे कान तापले. मास्तर खिडकीबाहेर पाहू लागले, ते बरंच झालं.

"देते वचन," ती म्हणाली.

अकराला विषय आला: 'आमच्या घरातलं न बोलणारं माणूस'. नम्रता मनातल्या मनात म्हणाली, शहाणा दिसतोय हा. असला विषय कुठल्याच गाइडात सापडणार नव्हता.

मुलं फलाटावर अंतराअंतरानं बसली. दप्तरं मांडीवर, कागद दप्तरावर. ऊन कोवळं होतं, वारा कागद उडवत होता. गाडीतले उतारू भेळ खाता खाता हा तमाशा बघायला आले आणि मुलांचे चेहरे पाहून आपोआप हळू बोलू लागले. नितेश, ज्याला नम्रतानं सातवा भरायचा म्हणून आणलं होतं, तो खाली मान घालून लिहीत सुटला. आणि सगुणा... सगुणा दोन ओळी लिहून थांबली.

"बाई," ती कळवळून म्हणाली, "आमच्या घरात न बोलणारा कोनच नाय. आजी बोलते, आय बोलते, काका तर झोपंत पन बोलतो. मी काय लिवू?"

नम्रताच्या ओठांवर आलं होतं. तुझी म्हैस, गो. घरातलं न बोलणारं माणूस म्हणून म्हशीवर लिही, बहार होईल. एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर कोणाला कळणार होतं? सगुणाचे डोळे भरून आले होते. नम्रतानं तोंड फिरवलं आणि ती फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेली. त्या तासाइतका लांब तास तिनं कधी काढला नव्हता.

दुपारी गाडी सुटली. रोह्याला शाळेच्या दारात एक उंच, सावळा तरुण उभा होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. धाटावच्या कंपनीत रात्रपाळी करून तो तसाच स्पर्धेला आला होता, आणि स्पर्धा संपूनही घरी गेला नव्हता.

"आलात," तो म्हणाला. फोनवरचाच आवाज, फक्त खरखर वजा. नम्रतानं कागद पुढे केले, आणि तेवढ्यात आतून दिनानाथकाका आले. निवृत्त हेडमास्तर, परीक्षक मंडळातले ज्येष्ठ.

"हे कागद धरता येणार नाहीत," ते सरळ म्हणाले. "बाईच शिकवणार आणि बाईच राखण करणार? प्रविण, अरे आयोजकाच्या किंवा परीक्षकाच्या घरच्या माणसाची शाळासुद्धा आपण बसू देत नाही. माझी सून शिकवते म्हणून तिची शाळा मी बाहेर ठेवली. हे कसं चालेल?"

"बाईंनी वचन दिलंय, काका."

"वचनाला पुरावा काय?"

"माझ्याकडे नाय. मी ठेवला विश्वास. चुकला असेल तर पुढल्या वर्षी स्पर्धा दुसऱ्यानं घ्यावी."

ज्या माणसानं तिला अजून धड पाहिलंही नव्हतं, तो तिच्यासाठी आपली स्पर्धा पणाला लावत होता. दिनानाथकाकांनी चष्मा लावून कागद चाळले. एका कागदापाशी ते थांबले.

"सगुणा... ही गेल्या वर्षीची दुसरी ना?" त्यांनी मोठ्यानं वाचलं. "'आमच्या घरात न बोलणारे कोणीच नाही. त्यामुळे मला अभ्यासाला फार त्रास होतो.' संपलं? एवढंच?"

सगुणा रडायला लागली. काकांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग नम्रताकडे.

"हिला तुम्ही काहीच सांगितलं नाहीत?"

"सांगणार नाही, असं वचन दिलं होतं," नम्रता म्हणाली.

काकांनी चष्मा काढला. "प्रविण, हे कागद बाकीच्यांत मिसळ," ते म्हणाले. "आपल्या हुकमी पोरीला बुडवणारी बाई बाकीच्यांना काय सांगणार?"

नितेशचा दुसरा नंबर आला. मिठागराच्या बांधावर दिवसभर गप्प बसणाऱ्या आजोबांवर त्यानं लिहिलं होतं. सगुणा आठ दिवस नम्रताशी बोलली नाही. वर्गात एवढी शांतता पहिल्यांदाच नांदली असेल.

बक्षिसाची पुस्तकं पोस्टानं पाठवता आली असती. प्रविण ती स्वतः घेऊन आला. मग मुलांना लिहायला शिकवायचं म्हणून आला. मग वालाच्या शेंगा घेऊन आला आणि शाळेमागच्या शेतात मुलांबरोबर मडक्यात शेंगा भाजायची पोपटी लावली. भांबुर्डीचा पाला कोंबलेलं मडकं विस्तवात फुटूफुटू झालं, आणि त्या धुराच्या खमंग वासात तो नितेशच्या आजोबांबद्दल असा बोलत होता, जणू त्यांच्या मांडीवरच वाढला असावा.

"तुम्हाला सगळे निबंध पाठ आहेत?" नम्रतानं विचारलं.

"मशीनवर आठ तास एकट्यानं उभं राहायचं असतं, बाई. पोरांचं वाचलेलं आठवत बसतो. वर्षभर पुरतं."

"आणि पुरेनासं झालं की?"

"की मग... पेणची गाडी पकडतो," तो म्हणाला आणि तिला सोललेली शेंग दिली. तिनं शेंग घेतली, पण खायची विसरली.

हा माणूस तिला आवडत होता. नुसता आवडत नव्हता, त्याचा तिला अभिमान वाटत होता. रात्रपाळीचे डोळे घेऊन तो परक्या पोरांची मोडकीतोडकी वाक्यं जपत होता. असं माणूस तिनं पाहिलं नव्हतं.

दिवाळीनंतर मिठागराच्या बांधावर त्यानं विचारलं. वाकडंतिकडं नाही, सरळ.

"माझ्याशी लग्न कराल?"

नम्रताचा जीव हो म्हणत होता. पण दिनानाथकाकांचा नियम तिला आठवला. आयोजकाच्या घरच्या माणसाची शाळा स्पर्धेत नाही. यंदा दहा मुलं बसायची होती. सगुणाचं दहावीचं वर्ष, शेवटची संधी.

"माझी मुलं बाहेर पडतील," ती कशीबशी म्हणाली. "सगुणाला मी एकदा बुडवलंय. परत नाही जमायचं."

"मग?"

"मग... नाही."

"बरोबर हाय तुमचं," तो म्हणाला. आणि गेला. त्यानं वाद घातला असता तर बरं झालं असतं, असं तिला रात्री उशीत तोंड खुपसून वाटलं. नंतर तो पेणला फिरकला नाही.

जानेवारीत ती दहा मुलं घेऊन रोह्याला गेली. गाडी वेळेवर पोचली. दारात यादी घेऊन दिनानाथकाका उभे होते.

"प्रविण... नाहीत?"

"त्यानं दिवाळीनंतर लगेचच स्पर्धा सोडली," काका म्हणाले. "आयोजन नाही, परीक्षण नाही. कारण विचारलं तर नुसता हसतो. आत आहे बघा, कामाला लागलाय."

आत मोठ्या वर्गात प्रविण एकटाच सतरंज्या अंथरत होता. तिला पाहून तो उभा राहिला. हाताला धूळ, केसांत धूळ.

"हे काय केलंत तुम्ही?" ती म्हणाली. "मी तर नाही म्हटलं होतं."

"व्हय. ते तुमचं उत्तर. हे माझं." त्यानं सतरंजीची सुरकुती पायानं सारखी केली. "मंडळात नसलो की नियम लागत नाय. सतरंज्या घालायला कुणाची हरकत नाय, काकांना विचारून घेतलंय. तुम्ही हो म्हणा की नाय म्हणा, तुमची पोरं आता कधीच अडणार नायत."

नम्रताला एकच दिसलं: मशीनपुढचे ते आठ तास. निबंध वाचायला मिळणार नाहीत, तर हा माणूस वर्षभर काय आठवत बसणार? स्वतःचं सगळ्यात आवडतं काम त्यानं सोडलं होतं आणि तिच्यापर्यंत बातमीही येऊ दिली नव्हती. तिचे डोळे भरून आले, आणि या वेळी तिनं तोंड फिरवलं नाही.

तिनं पदर खोचला, सतरंजीचं दुसरं टोक उचललं आणि ओढून ताठ केलं.

"स्पर्धेतले निबंध नसतील," ती म्हणाली, "पण माझी मुलं वर्गात दर आठवड्याला लिहितात. वह्या मी घरी आणते तपासायला. तुम्ही वाचाल?"

"वाचेन की. पण त्यासाठी पेणला कधी येऊ?"

"यायचं कशाला? त्याच घरात राहायचं."

बाहेरून मुलांचा गलका जवळ येत होता, अकरा वाजत आले होते. तरी सतरंजीची दोन टोकं धरून दोघं तशीच उभी राहिली. शेवटी दारातून सगुणा म्हणाली, "बाई, खाली ठेवा ना गो आता ती, आम्हाला बसायचं हाय."