शारगाचा ताजा घोडा

उलियास्ताईच्या टपालवाटेवरचं आमचं ठाणं म्हणजे लोकरीच्या जाड नमद्याचे दोन तंबू आणि घोडे बांधायची दोरी. स्वार यायचा, चहा प्यायचा, थकलेला घोडा सोडून ताज्यावर बसायचा. आमच्या पश्चिमेला शारगाचं ठाणं. ते सोदोव आणि त्याची बायको डोल्गोर सांभाळायची. शरदात शिकारीच्या मांसातून गाठीचा रोग आला आणि दोघंही गेली. शिपायांनी तंबू जाळला, घोडे डोंगरात पळाले. तेव्हापासून टपाल शारगा टाळून, खिंडीतून वळसा घालून यायचं.

कडाक्याच्या थंडीत एका दुपारी चोइम्बोल आला. माझ्या बायकोचा, नोर्जमाचा, भाऊ. तोही टपालस्वार, पण वर्षभर दक्षिणेच्या वाटेवर होता. इकडचं त्याला काही ठाऊक नव्हतं.

"दाजी, बघत काय बसलात? चहाचं तरी विचारा!"

त्याचा घोडा जराही दमलेला दिसत नव्हता. मी विचारलं, "खिंडीतून आलास ना?"

"खिंडीत कशाला मरायला जाऊ? सरळ आलो. शारगाला घोडा बदलला. डोल्गोरवहिनीनं चांगलंच झापलं. म्हणाली, हल्ली कुणी फिरकत नाही आमच्याकडं."

नोर्जमाच्या हातातला डाव खाली पडला. "तिथं काही खाल्लंस?"

"चहा प्यालो. आता रडायला काय झालं?"

आम्ही सांगितलं. तो हसला. मग कितीतरी वेळ त्या घोड्याच्या मांडीवर तापल्या लोखंडानं दिलेला शारगा ठाण्याचा डाग बघत राहिला.

सकाळी त्याच्या काखेत गाठ आली होती. मी अडवलं तरी नोर्जमा त्याच्या उशाशी जाऊन बसली. दिवस मावळायच्या आत तो गेला.

"जाऊन बघा," ती मला म्हणाली. "माझ्या भावाला चहा कुणी पाजला, ते मला कळलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मी शारगाला पोचलो. तंबूच्या जागी बर्फाखालून काळं वर्तुळ डोकावत होतं. धूर नाही, माणसाचा माग नाही.

पण घोड्यांची दोरी नीट ताणून बांधलेली होती. तिला चोइम्बोलनं सोडलेला थकलेला घोडा बांधला होता, मांडीवर पलीकडच्या ठाण्याचा डाग. घाम पुसलेला. पाठीवर नमदा. पुढ्यात गवत.

शेजारी दुसरा घोडा, खोगीर चढवून तयार.

त्याच्याभोवतीच्या बर्फावर खुराचा एकही ठसा नव्हता.

मी जवळ गेलो. माझा डावा पाय जरा आखूड आहे. कुठल्याही ठाण्यावर पाय ठेवायची डावी रिकीब मला स्वतः वर ओढून घ्यावी लागते.

ती आधीच वर घेतलेली होती.